आठवणींचे गाव आणि दफ्तरातले गाव

इंग्लंडमधील खेडे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते बहुतेक पाठ्यपुस्तकांतून आलेले असते. दगडी चर्च, त्याचा मनोरा, समोर हिरवे कुरण, ओढ्यावरचा लहानसा पूल, थोड्या अंतरावर पाणचक्की आणि दारात गप्पा मारत बसलेली म्हातारी माणसे. शाळेत आपण डॅफोडिल्सची कविता पाठ केली, कॉलेजात गोल्डस्मिथ वाचला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो देश पाहिलेला नाही आणि ते फूल हातात घेतलेले नाही. तरीही ते खेडे आपल्याला आजोळाइतके ओळखीचे वाटते. साहित्याची ही किमया मान्यच करावयास हवी.

परंतु इतिहास हा विषय घेतल्यापासून मला एक प्रश्न सतावू लागला. हे खेडे प्रत्यक्षात होते तरी केव्हा? कोणत्या साली? तेथे मजुरी किती होती, घरात माणसे किती राहत होती, आणि ती गावे सोडून गेली ती कोणामुळे? या प्रश्नांच्या मागे लागून ब्रिटनमधील गावांच्या आठवणी आणि त्यांचे स्थानिक इतिहास, जे जे हाती लागले ते वाचत गेले. त्यातून माझे एक मत बनले आहे, तेच येथे मांडते. गावाची आठवण आणि गावाचा इतिहास या सख्ख्या बहिणी खऱ्या. पण एकीने दुसरीची जागा घेऊ नये. आठवणीने इतिहासापुढे हिशेब द्यावा, आणि इतिहासानेही आठवणीला ओसरीवर ताटकळत ठेवू नये.

प्रथम आठवणीविषयी. रेमंड विल्यम्स हा वेल्समधील एका रेल्वे सिग्नलमनचा मुलगा. पुढे तो केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द कंट्री अँड द सिटी’ या ग्रंथात त्याने एक गमतीची गोष्ट दाखविली. प्रत्येक पिढीतील लेखक म्हणतो की, खरे जुने इंग्लंड आमच्या बालपणापर्यंत होते, आता ते संपले. म्हणून त्याच्या बालपणाच्या काळातले लेखक उघडून पाहावेत, तर तेही तेच म्हणत असतात! असे करीत करीत आपण सरकत्या जिन्यावरून मागे मागे जात राहतो आणि सुवर्णयुग काही सापडत नाही. ते नेहमी आणखी एक पिढी मागे असते.

गोल्डस्मिथचेच पाहा. ‘द डेझर्टेड व्हिलेज’ १७७० साली निघाली. उजाड झालेल्या गावाविषयीची ती हळहळ खोटी नव्हती. ऑक्सफर्डशायरमध्ये लॉर्ड हारकोर्टने आपल्या नव्या वाड्याभोवती बाग हवी म्हणून न्यूनम कोर्टनी हे आख्खे गाव उचलून हमरस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले होते, आणि कवीच्या मनात तेच गाव असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. परंतु हे गाव उठण्यापूर्वी कसे होते हे सांगताना कवी फार गोड होतो. तेरा वर्षांनी, १७८३ मध्ये, जॉर्ज क्रॅबने ‘द व्हिलेज’ लिहून त्याला उत्तर दिले. क्रॅब समुद्रकाठच्या गरीब वस्तीत वाढलेला होता. गरिबाच्या झोपडीत जे नाही ते कवितेने तेथे नेऊन ठेवू नये, असा त्याचा रोख होता. आपल्या अभ्यासक्रमात गोल्डस्मिथ येतो आणि क्रॅब बहुधा येत नाही, ही गोष्ट माझ्या मते केवळ योगायोगाची नाही. गोड गाव परीक्षेला सोपे जाते.

या गोड चित्राला दुसरा मोठा धक्का दिला तो पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने. त्याचे ‘द वर्ल्ड वुई हॅव लॉस्ट’ हे पुस्तक १९६५ साली निघाले. यंत्रयुगापूर्वी इंग्लंडमध्ये आजोबा, मुलगा, सुना, नातवंडे अशी तीन पिढ्यांची मोठी कुटुंबे एका छपराखाली नांदत होती आणि कारखान्यांनी ती मोडली, असा सर्वांचा समज होता. लॅस्लेटने व त्याच्या सहकाऱ्यांनी सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या शंभर गावांतील रहिवाशांच्या याद्या मोजल्या. सरासरी घरात माणसे निघाली पावणेपाच, आणि त्यांत नोकर-गडीही धरलेले! मुलींची लग्ने होत ती पंचविशीच्या सुमारास. म्हणजे ज्या एकत्र कुटुंबासाठी लोक उसासे टाकत होते, ते त्या देशात सर्वसाधारणपणे नव्हतेच. आठवण प्रामाणिक असूनही चुकू शकते, याचा याहून चांगला दाखला मला सापडलेला नाही.

मग आठवणी टाकूनच द्याव्यात काय? मुळीच नाही. सगळ्या आठवणी एका जातीच्या नसतात. फ्लोरा थॉम्पसनचे उदाहरण घेऊ. तिचा जन्म १८७६ चा, ऑक्सफर्डशायरच्या सीमेवरील ज्युनिपर हिल या वस्तीवर. बाप गवंडी, घर गरिबीचे. लहान वयात पोस्टात नोकरीला लागली. साठी ओलांडल्यावर तिने आपल्या बालपणाची पुस्तके लिहिली. पहिले १९३९ मध्ये निघाले आणि १९४५ साली तिन्ही भाग एकत्र होऊन ‘लार्क राइज टू कँडलफर्ड’ या नावाने ते घरोघर पोचले. लोकांनी ते युद्धकाळात जुन्या इंग्लंडचे अत्तर म्हणून हुंगले. पण पुस्तक नीट वाचावे. शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंग मिळत हे ती सांगते. त्यात भाडे, पाव आणि मुलांचे बूट कसे बसवीत हे सांगते. प्रत्येक घरी पाळलेले डुक्कर म्हणजे वर्षाची बेगमी, आणि त्याच्या खाद्यासाठी आधीच काढलेले कर्ज, हेही सांगते. बाराव्या-तेराव्या वर्षी घरकामाला बाहेर पाठविलेल्या मुली ती विसरत नाही. तिच्या लिखाणात माया आहे आणि हिशेबही आहे. म्हणून मी तिला केवळ स्मरणरंजनाच्या कप्प्यात टाकायला तयार नाही.

शहरांच्या बाबतीत हेच काम रॉबर्ट रॉबर्ट्सने केले. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डच्या गलिच्छ वस्तीत १९०५ साली तो जन्मला. आईचे कोपऱ्यावर किराणा दुकान होते. गिरणगावाच्या आठवणी म्हणजे ‘दारे उघडी असत, सगळे एकमेकांच्या मदतीला धावत’ असे आपण नेहमी ऐकतो. आपल्या मुंबईच्या चाळींविषयीही ऐकतो. रॉबर्ट्सने १९७१ च्या ‘द क्लासिक स्लम’ मध्ये दाखविले की त्या एका गल्लीतही कितीतरी पायऱ्या होत्या. कुशल कारागीर बिनकौशल्याच्या मजुराला खालचा समजे. कोणाला उधार द्यावयाचे आणि कोणाला नाही, हे दुकानाच्या गल्ल्यावर बसलेली बाई ठरवी. दार उघडे असे याचे एक कारण असेही असू शकते की आत चोरण्यासारखे काही नसे. रॉबर्ट्सला आपल्या माणसांचा तिटकारा नव्हता. त्यांच्या दारिद्र्याला ऊबदार म्हणण्यास त्याने नकार दिला, इतकेच.

आता इतिहासाकडे वळू. ब्रिटनमध्ये स्थानिक इतिहास हा पूर्वी जमीनदार आणि धर्मोपदेशक यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. कोणत्या घराण्याची जहागीर कोणाकडे गेली, चर्चमध्ये कोणाची समाधी आहे, असा त्याचा थाट असे. १८९९ साली प्रत्येक परगण्याचा सविस्तर इतिहास लिहिण्याची ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ नावाची योजना सुरू झाली. सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी ती पुरी झालेली नाही, यावरून कामाचा आवाका कळावा. या विषयाला विद्यापीठात स्वतंत्र पाट मिळाला तो १९४८ साली लेस्टर येथे, आणि तो मांडणारा होता डब्ल्यू. जी. हॉस्किन्स. १९५५ साली त्याचे ‘द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप’ प्रसिद्ध झाले. त्याचे म्हणणे असे की कागदपत्रांच्या आधी पायाला चिखल लागू द्या. रस्त्याचे वळण, शेताचा बांध, कुंपणाची झुडपे, ओसाड माळावरचे उंचवटे ही सर्व दफ्तरेच आहेत. ती वाचता आली पाहिजेत.

माळावरचे उंचवटे वाचण्याचे उत्तम उदाहरण म्हणजे यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी. तेथे आज एका पडक्या चर्चखेरीज उभे असे फारसे काही नाही. गवताखाली घरांचे चौथरे तेवढे दिसतात. इंग्लंडमध्ये अशी मध्ययुगात उठलेली सुमारे तीन हजार गावे आहेत. चौदाव्या शतकातील महामारीने ती ओस पडली, असे सर्रास सांगितले जाई. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक आणि जॉन हर्स्ट हा उत्खननतज्ज्ञ, या दोघांनी १९५० च्या सुमारापासून १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात तेथे खोदकाम केले. मदतीला विद्यार्थी आणि हौशी माणसे. चाळीस उन्हाळे! निष्कर्ष असा निघाला की महामारीने गाव खंगले, पण मेले नाही. ते पुढे दीडशे वर्षे जगले. १५०० च्या सुमारास जमीन मेंढ्यांना चरायला मोकळी हवी म्हणून शेवटची घरे उठविण्यात आली. लोकरीला भाव होता. म्हणजे दैवाच्या नावावर खपविलेली गोष्ट प्रत्यक्षात माणसांनी केली होती. स्थानिक इतिहासाची खरी ताकद मला येथे दिसते. ‘गाव उठले’ या वाक्याला तो कर्ता शोधून देतो.

कर्ता शोधण्याचे हे काम कागदांवरही झाले. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवावी. राजाज्ञेचा हेतू काहीही असो, चारशे वर्षांनी त्या वह्यांनी गरिबांना इतिहासात जागा दिली. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, त्याचेही जन्ममरण तेथे लिहिलेले होते. केंब्रिजच्या अभ्यासकांनी ४०४ गावांच्या अशा वह्यांवरून इंग्लंडच्या लोकसंख्येचा तीन शतकांहून अधिक काळाचा आलेख काढला; रिग्ली आणि स्कोफील्ड यांचा तो ग्रंथ १९८१ साली निघाला. त्या वह्या मोजल्या कोणी? बऱ्याच अंशी गावोगावच्या हौशी स्थानिक अभ्यासकांनी, संध्याकाळी घरी बसून, विनामोबदला. आपल्या गावच्या चर्चवर प्रेम असल्याखेरीज कोण अशी वही महिनोन् महिने उतरवीत बसेल? म्हणूनच मी म्हणते की स्मरणरंजनाला हसू नये. त्याला कामाला लावावे.

कामाला लावले की काय होते याचे एक अवघड उदाहरण सांगते. डर्बीशायरमधील ईम हे गाव. १६६५ साली लंडनहून एका शिंप्याकडे कापड आले, त्याबरोबर प्लेगच्या पिसवा आल्या असे मानतात. रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि आधीचा पदच्युत धर्मोपदेशक थॉमस स्टॅन्ली यांच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतले, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. शिवेवर लोक धान्य ठेवीत आणि मोबदल्याची नाणी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलेली असत. परंपरेने मृतांचा आकडा २६० सांगतात. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली. आजही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तेथे स्मरणाची प्रार्थना होते, आणि २०२० च्या कोरोनाच्या साथीत साऱ्या जगाने ईमचे नाव पुन्हा घेतले.

ही कथा कोणाला हलविणार नाही? पण दफ्तर उघडले की आणखी काही दिसते. गावबंदी होण्यापूर्वीच ज्यांना परवडत होते अशी काही सधन मंडळी निघून गेली होती. स्वतः मॉम्पेसनने आपली मुले आधीच बाहेर पाठविली होती; त्याची पत्नी मात्र त्याच्याजवळ राहिली आणि १६६६ च्या ऑगस्टमध्ये गेली. मग राहिलेल्यांनी त्याग केला, की त्यांना जायला जागाच नव्हती? माझे उत्तर असे की दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जाण्याची ऐपत कोणाला होती हे कळल्याने एलिझाबेथ हॅनकॉकचे दुःख कमी होत नाही. उलट ते पुतळ्यातून निघून माणसाचे होते. चिकित्सा केली की श्रद्धा मरते, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही.

मात्र कागदालाही मर्यादा आहेत. वहीत जन्म असतो, मरण असते. मधले आयुष्य नसते. ही उणीव भरून काढली ती तोंडी इतिहास गोळा करणाऱ्यांनी. जॉर्ज एवार्ट इव्हान्स हा वेल्समधील खाणभागातला माणूस १९४८ साली सफोकमधील ब्लॅक्सॉल या खेड्यात राहायला गेला. शेजारच्या म्हाताऱ्यांचे बोलणे त्याने टिपून ठेवले, आणि १९५६ मध्ये ‘आस्क द फेलोज हू कट द हे’ हे पुस्तक सिद्ध केले. घोड्याच्या नांगराचा, हाताने कापणी करण्याचा काळ ज्यांच्या अंगात होता ती ही शेवटची पिढी होती. १९६९ मध्ये रोनाल्ड ब्लाइदचे ‘एकनफील्ड’ आले. गावाचे नाव कल्पित, माणसे सफोकची. लोहार, शिक्षिका, घोडेवाला, कबर खणणारा, सारे आपापल्या तोंडाने बोलतात. जुन्या शेतमजुरांच्या बोलण्यात पहिल्या महायुद्धापूर्वीच्या उपासमारीचा आणि मालकाच्या धाकाचा इतका उल्लेख येतो की ‘ते दिवस गेले’ हे वाक्य सुस्काऱ्यासारखे न वाटता सुटकेसारखे वाटते. ब्लाइद २०२३ च्या जानेवारीत शंभर वर्षांचा होऊन वारला. शेवटपर्यंत तो त्याच परिसरात राहिला.

येथपर्यंत मी आठवणीला सावध राहावयास सांगितले. आता तिची बाजू घेते. काही ठिकाणी आठवण हाच एकमेव पुरावा आणि एकमेव हक्क उरतो.

उत्तर वेल्समधील ट्रवेरिन खोऱ्यात कापेल केलिन नावाचे लहान गाव होते. एक प्रार्थनामंदिर, एक शाळा, एक पोस्ट, काही घरे आणि शेते. सगळे गाव वेल्श भाषा बोलणारे. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. १९५६ साली गावकऱ्यांनी, मुलाबाळांसह, लिव्हरपूलच्या रस्त्यांवरून मोर्चा नेला. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिले नाही, तरी तो मंजूर झाला. १९६५ च्या ऑक्टोबरात धरणाचे उद्घाटन झाले, आणि गाव पाण्याखाली गेले. पुढे किनाऱ्याकडील एका पडक्या भिंतीवर कोणीतरी वेल्शमध्ये रंगविले: ट्रवेरिनची आठवण ठेवा. भिंत कितीदा विद्रूप झाली, मोडली, आणि लोकांनी ती पुन्हा उभी केली, पुन्हा रंगविली. २००५ साली लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली. चाळीस वर्षांनी का होईना, मागितली. ती कोणत्या दफ्तरामुळे मागितली गेली? दफ्तरात तर सर्व काही कायदेशीर होते. लोक विसरले नाहीत म्हणून ती मागितली गेली.

इंग्लंडमध्येही अशी गावे आहेत. डर्बीशायरमधील डरवेंट आणि ॲशप्टन लेडीबाउर जलाशयात गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा काही काळ पाण्याबाहेर उभा होता, तो १९४७ च्या डिसेंबरात सुरुंगाने पाडला. डॉर्सेटमधील टाइनम आणि सॉल्झबरीच्या पठारावरील इंबर ही गावे १९४३ च्या अखेरीस लष्कराला सरावासाठी रिकामी करून देण्यात आली. युद्ध संपल्यावर परत येऊ, अशी लोकांची समजूत होती. युद्ध संपले, गावे परत मिळाली नाहीत. इंबरचे चर्च आता वर्षातून मोजके दिवस उघडते आणि लोक बसगाड्या भरभरून तेथे जातात. जाणारे बहुतेक प्रवासी त्या गावचे नसतात. हा दुखवटा की सहल, हे ठरविणे कठीण आहे. पण कोणी गेलेच नसते तर अधिक वाईट झाले असते असे मला वाटते.

‘इंग्लंडातल्या गावांशी आपला काय संबंध?’ असे माझ्या एका वर्गमैत्रिणीने विचारले होते. संबंध आहे, आणि तो कापसाच्या धाग्याचा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडल्या. त्याच चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. भाव चढले, शेअरांचा सट्टा माजला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. तिकडे रॉचडेलजवळच्या माळावर बेकार गिरणीकामगारांनी दुष्काळी कामावर फरसबंदी केलेला रस्ता आजही ‘कॉटन फॅमिन रोड’ म्हणून दाखवितात. आपला आखूड धाग्याचा कापूस, मग तो गुजरातचा असो की वऱ्हाडचा, तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणून ओळखला जाई. तो मागावर तुटे, म्हणून विणकर त्याला शिव्या देत. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या बहिष्काराने ज्यांचे काम गेले होते तेच कामगार त्यांना भेटायला लोटले. लँकेशायरच्या एखाद्या गावाचा इतिहास वऱ्हाडातील शेतकऱ्याला वगळून लिहिता येत नाही आणि वऱ्हाडचा इतिहास त्या गावाला वगळून लिहिता येत नाही. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ आपण समजतो तितका अरुंद नाही.

या अरुंदपणाचा धोका ब्रिटनलाही आहे. हॉस्किन्सने ज्या लेस्टरमध्ये स्थानिक इतिहासाचे पीठ स्थापन केले, त्याच लेस्टरच्या नगरपालिकेने १९७२ साली युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन तेथून हाकलल्या गेलेल्या आशियाई लोकांना ‘आमच्या शहरात येऊ नका’ असे सुचविले. तरी लोक आले, राहिले, त्यांनी दुकाने व कारखाने काढले. आज दिवाळी हा त्या शहराचा मोठा उत्सव असतो. आता लेस्टरच्या आठवणी लिहावयाच्या तर त्या कोणाच्या? ‘पूर्वीचे गाव किती छान होते’ असे म्हणणाऱ्याला ‘पूर्वीच्या गावात आम्ही नव्हतो’ असे उत्तर देणारा शेजारी भेटतो, तेव्हा स्मरणरंजनाची खरी परीक्षा होते. नव्याने आलेल्याचाही इतिहास जर गावाच्या वहीत चढणार नसेल, तर ती वही गावाची नव्हे. ती एका गटाची खाजगी डायरी.

हे सारे वाचत असताना मला वारंवार माझ्या आजीचे गाव आठवे. ते भीमेकाठी होते. उजनीच्या पाण्यात गेले. धरण १९८० साली पुरे झाले. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ वर येते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. आजीच्या गावाचे असे देखणे देऊळ नव्हते, म्हणून त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. तिच्या तोंडून मी नदीचा घाट, पारावरची भजने, मळईतली कलिंगडे यांच्या गोष्टी ऐकत वाढले. थॉम्पसन आणि रॉबर्ट्स वाचल्यावर गेल्या दिवाळीत मी तिला नवे प्रश्न विचारले. मजुरीच्या बाईला दिवसाला काय मिळे? गावाबाहेरच्या वस्तीने पाणी कोठून भरावे? आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांना आम्ही वरून वाढायचो बाई. तासन् तास बसत बिचाऱ्या विहिरीपाशी.” आणि त्या बायांची नावे तिने एकामागून एक सांगितली. चार नावे. पाचवे आठवेना.

ती नावे माझ्या वहीत आहेत. ती दुसऱ्या कोठे असण्याचा संभव कमी, कारण ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांचे नाव सातबाऱ्यावर कोठून असणार? आपल्याकडे कागदांची परंपरा नाही असे मी म्हणणार नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दफ्तरे गोळा केली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहून बलुत्या-अलुत्यांसह गावाची उलाढाल मांडली. पाया थोरामोठ्यांनी घातलेला आहे. पण त्यावर चाळीस उन्हाळे खणणारी, संध्याकाळी बसून वह्या उतरविणारी साधी माणसे आपल्याकडे फार थोडी निघाली. आपण गावाच्या आठवणी काढतो त्या कवितेसाठी, स्नेहसंमेलनासाठी, आणि क्वचित या वार्षिकांकासाठी.

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझी एक नम्र विनंती आहे. इतिहास आणि मराठी या दोन विभागांनी मिळून दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका गावाची, एका वाडीची किंवा एका गल्लीची नोंद घ्यावी. त्यात तीन प्रश्नांची उत्तरे सक्तीची असावीत. मजुरी किती होती? पाणी कोण कोठून भरी? गाव सोडून कोण गेले आणि कोणामुळे? बाकी मग पाराचे, नदीचे, जत्रेचे जितके लिहावयाचे तितके लिहावे. कागद ग्रंथालयाच्या कपाटात ठेवले तरी पुरे. आणि मित्रमैत्रिणींनो, विभागांची वाट पाहू नका. सुटीत घरी जालच. ज्यांना विचारावयाचे ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत, आणि माझ्या आजीला पाचवे नाव अजून आठवलेले नाही.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)